राजपत्रापासून घरापर्यंत : माध्यमिक शाळेतल्या कायदेशिक्षणाचा आढावा

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचे ४२० कलम आता ३१८ झाले, खुनाचे ३०२ आता १०३. फौजदारी प्रक्रिया संहितेतले जमावबंदीचे १४४ कलम नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ म्हणून आले. जुने आणि नवे आकडे शेजारीशेजारी मांडणारे तक्ते तेव्हापासून सगळीकडे फिरत आहेत. ‘चारसोबीस’ हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी आहे तसाच आहे, आणि तो राहीलही.

पण नववीतल्या मुलीला या बदलात उपयोगाचे काय आहे? कलमांचे आकडे नक्कीच नाहीत. तिला उपयोगाचे आहे ते असे : घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाले तर ते निमूट ऐकून परत फिरायचे नसते. हे तिला कोण सांगणार, कोणत्या तासाला, कोणत्या पुस्तकातून? माध्यमिक शाळेत कायदा कसा शिकवावा, हा वाद याच प्रश्नांभोवती फिरतो आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत मुलांच्या रोजच्या जगण्याला थेट भिडणारे इतके कायदे बदलले की वादाला नव्याने धार आली आहे.

नागरिकशास्त्राचा वारसा

शाळेतले नागरिकशास्त्र हे वसाहतकाळाचे अपत्य. आज्ञाधारक प्रजा घडवावी, राज्याशी निष्ठा शिकवावी हा त्यामागचा हेतू होता, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये ही टीका स्पष्ट शब्दांत आली. तिच्या पाठोपाठ एनसीईआरटीने सहावी ते आठवीसाठी ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ ही नवी पुस्तकमाला काढली. त्यातल्या आठवीच्या पुस्तकात कायदा कसा घडतो हे सांगायला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे उदाहरण घेतले होते. घरातली मारहाण ‘घरचा मामला’ मानली जायची, ती महिला संघटनांनी सार्वजनिक प्रश्न कशी केली, विधेयक कसे आले, समितीपुढे काय बदलले आणि ऑक्टोबर २००६ पासून कायदा कसा लागू झाला, हा सगळा प्रवास त्यात होता. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी भोपाळ वायुकांडाचा धडा होता. आता नव्या आराखड्यानुसार ती पुस्तके मागे पडून नवी आली आहेत. तरीही कायदा गोष्टीसारखा, माणसांसकट सांगता येतो हे त्या मालेने दाखवले, हे विसरता येणार नाही.

महाराष्ट्राच्या राज्य मंडळाची रचना वेगळी. सध्याच्या पुस्तकांत सातवीला संविधानाची ओळख आहे, आठवीला संसद, कार्यकारी मंडळ आणि न्यायव्यवस्था. नववीचे राज्यशास्त्र परराष्ट्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय संबंधांकडे जाते. दहावीला संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हाने. यातला प्रत्येक विषय मोलाचा आहे. पण क्रम पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या वर्षी मुलगा पहिल्यांदा घरातली स्कूटर बाहेर काढतो, मुलीच्या हातात स्वतःचा फोन येतो, आणि ग्रामीण भागात काही मुलींच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, त्या वर्षी पुस्तक संयुक्त राष्ट्रांविषयी बोलत असते. न्यायव्यवस्थेचा धडा तेरा वर्षांच्या वयात संपलेला असतो. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राचा मिळून ४० गुणांचा पेपर, त्यातही राज्यशास्त्राचा वाटा लहान.

शाळेबाहेरची वाट विधी सेवा प्राधिकरणांची. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी लागू झाला, म्हणून तो दिवस विधी सेवा दिन. गरजूंना मोफत वकील देणे आणि लोकांत कायद्याची साक्षरता वाढवणे ही दोन्ही कामे या यंत्रणेकडे आहेत. जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या शाळांत शिबिरे घेतात, काही ठिकाणी विधी साक्षरता मंडळे चालतात. काही कायद्यांनी तर जागृतीची जबाबदारी स्वतःच्याच कलमांत लिहून ठेवली आहे. माहिती अधिकार कायद्याचे २६वे कलम आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे ४३वे कलम सरकारला लोकांपर्यंत पोहोचायला सांगतात. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तर मुलांच्या वयाला साजेसे शैक्षणिक साहित्य तयार करण्याचा उल्लेख आहे. तेव्हा ‘शाळेत कायदा शिकवायचा का’ हा प्रश्न कागदावर केव्हाच सुटला आहे. वाद आहे तो काय, कोणी आणि कुठपर्यंत, याचा.

आधी संविधान की आधी लायसन?

पहिला मतप्रवाह म्हणतो, मुलांना सुटे कायदे शिकवू नका. कायदे बदलतात, संविधानाची मूल्ये टिकतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा समजली तर मुले उद्याचा कायदाही त्या कसोटीवर घासून पाहतील. राज्यात या विचाराने बरेच काम झाले आहे. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ उपक्रम पुढे राज्यभर गेला, तो संविधानातल्या मूल्यांवरच उभा आहे. या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. दहावीच्या पुस्तकाची मूळ छपाई २०१८ ची. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा आणि मोटार वाहन कायद्यातली मोठी दुरुस्ती २०१९ ची. कायदा पाठ करून घेतला असता तर पुढच्याच वर्षी ते पाठांतर शिळे झाले असते.

दुसरा मतप्रवाह म्हणतो, मूल्ये परिपाठात रोज म्हणून होतात, पण मुलाला रस्त्यावर भेटतो तो कायदा. त्याला तोच शिकवा. यांच्याकडे उदाहरणांची वाण नाही. दहावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर. प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते आणि दाखला ‘साहेबांच्या सहीला’ अडकलेला असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, मुदत उलटली तर अपील आहे, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जाची पोच आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवायची असते, एवढे जरी सोळा वर्षांच्या मुलाला माहीत असले तरी त्याचे खेटे कमी होतील. हा कायदा शिकवायला वकील लागत नाही. पोचपावतीची एक प्रत फळ्यावर चिकटवली तरी तास उभा राहतो.

ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदाही असाच. संसदेच्या दोन्ही सभागृहांत तो दोन दिवसांत संमत झाला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कंपन्यांनी ते खेळ लगेच बंद केले. यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि पैशांचा व्यवहार पुरवणारा यांना आहे. कालपर्यंत आवडते क्रिकेटपटू ज्याची जाहिरात करत होते ते आज गुन्हा कसे ठरले, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील. आणि त्या प्रश्नातून राज्यघटनेपर्यंत, केंद्र-राज्य विषयवाटपापर्यंत पोचता येते.

या दोन टोकांच्या मधला तिसरा विचार मला सर्वांत सकस वाटतो. तो म्हणतो, नुसते कायदेही नकोत आणि नुसती मूल्येही नकोत. कायदा वाचायला शिकवा. विधेयक म्हणजे कायदा नव्हे. संमत झालेला कायदा म्हणजे लागू झालेला कायदा नव्हे. लागू झाला तरी नियम यायचे असतात, आणि राज्यात त्यावर शासन निर्णय निघायचा असतो. हा जिना न कळल्यामुळे होणारा घोळ साधा नाही. मुलींच्या लग्नाचे वय २१ करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले, समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झाले. वय अजूनही मुलीला १८ आणि मुलाला २१ आहे. तरी ‘आता एकवीस झाले ना?’ असे विचारणारे सुशिक्षित लोक भेटतात, कारण बातमी आली तेव्हा ती विधेयकाची होती आणि ते बाद झाल्याची बातमी कोणाच्या लक्षात राहिली नाही. मुलांना राजपत्र म्हणजे काय, ‘अमलात येण्याचा दिनांक’ कुठे पाहायचा, ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक सगळा अर्थ कसा फिरवते, हे एकदा नीट दाखवले तर पुढचे कायदे ती स्वतः वाचतील.

यावर आक्षेप आहे तो भाषेचा, आणि तो खरा आहे. कायद्याची मराठी ‘अन्वये’, ‘तदनुषंगाने’, ‘विहित नमुन्यात’ अशी चालते. शिक्षकालाही ती दोनदा वाचावी लागते. पण हाच मजकूर सोप्या मराठीत उतरवून आणा असा गृहपाठ दिला तर भाषेचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकत्र येऊ शकतो. दोन विषयांच्या शिक्षकांनी मिळून तास घ्यायची सवय मात्र आपल्या वेळापत्रकाला नाही.

वर्गात उभे कोणी राहायचे

सध्या बहुतेक शाळांत कायदा येतो तो पाहुण्याच्या रूपाने. न्यायाधीश येतात, वकील येतात, ‘पोलीस काका’ आणि ‘पोलीस दीदी’ येतात. खाकी गणवेशातल्या बाईंशी मुलगी मोकळेपणी बोलली तर ठाण्याची पायरी चढायची भीती कमी होते, हा मोठा फायदा. केरळने २०१० मध्ये विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना सुरू केली आणि २०१८ मध्ये ती देशपातळीवर आली, त्यामागेही हीच कल्पना होती. टीकाकार म्हणतात की पोलिसांच्या तोंडून कायदा शिक्षेच्या यादीसारखा ऐकू येतो. ‘हे केलेत तर एवढी वर्षे’ हे मुलांना कळते; अटक झाली तर आपले हक्क कोणते, तक्रार घेतली नाही तर कुठे जायचे, हे सांगणे त्याच खात्याच्या माणसाला अवघड जाते. मोफत विधी सेवा मिळण्यासाठी महिला आणि मुले यांना उत्पन्नाची अट नाही. ही एक ओळ प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवी, आणि ती प्राधिकरणाच्या वकिलाने येऊन समजावली तर तिचा अर्थ पोचतो.

परदेशात यावर एक जुना तोडगा आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातून ‘स्ट्रीट लॉ’ उपक्रम सुरू झाला. कायद्याचे विद्यार्थी जवळच्या शाळांत जाऊन घरभाडे, ग्राहक, पोलीस तपासणी असे विषय प्रसंग उभे करून शिकवू लागले, त्यासाठी त्यांना स्वतःच्या अभ्यासक्रमात श्रेयांक मिळत. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातच हे रोपटे रुजले. आपल्याकडे विधी महाविद्यालयांना विधी साहाय्य केंद्र चालवावे लागते, तालुक्याच्या गावांपर्यंत विधी महाविद्यालये पोचली आहेत. म्हणजे सामग्री आहे. पण शाळेची वेळ आणि महाविद्यालयाची वेळ जुळवणारे कोणी नाही.

नेहमीच्या शिक्षकाविषयी दोन मते आहेत. एक, त्याला कायद्याचे प्रशिक्षण नाही, त्यात जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणे ही कामे अंगावर, त्याच्यावर आणखी ओझे नको. दुसरे, पाहुणा वर्षातून एकदा येतो आणि प्रश्न मुलाला त्यानंतर पडतो. तेव्हा वर्गात असतो तो शिक्षकच. २०२२ मध्ये राज्यातल्या शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायचा शासन निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराची घटना उघडकीस आली तेव्हा या समित्या किती शाळांत खरोखर काम करतात, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. कायदा पोचवायचा तर शाळेच्या आतला माणूसच लागतो, हे तेव्हा दिसले.

उंबऱ्याच्या आत

या वादातली सर्वांत नाजूक गोष्ट चर्चासत्रांत कमी बोलली जाते. कायदा वर्गात शिकवला की तो मुलाबरोबर घरी जातो, आणि तिथे तो कोणाच्या तरी विरुद्ध उभा राहतो.

हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी गावोगाव बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेर तुटू द्यायचे नसते. आता दहावीच्या वर्गात हा कायदा शिकवला आणि संध्याकाळी मुलीने आईला विचारले, ‘आई, तू सही केलीस का?’ तर? दुसऱ्या दिवशी मामा शाळेत येऊ शकतात. त्याच गावात राहणारा, त्याच गावकऱ्यांच्या मदतीने शाळेची भिंत रंगवून घेणारा शिक्षक हा धडा उरकून टाकतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही.

बालविवाहाचेही तेच. महाराष्ट्रात गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतः फोन करू शकते. वर्गमैत्रिणींनी कळवल्यामुळे लग्न थांबल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि वाचून बरे वाटते. पण फोन करणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच आळीतून चालत शाळेत यायचे असते. तिचे नाव गुप्त राहील याची व्यवस्था आधी आणि धडा नंतर, असे क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते बजावतात, ते यासाठीच.

दुचाकीचा मामला याहून हलका वाटतो, पण तसा तो नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. शिवाय त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातून झालेल्या अपघातानंतर हे कलम घराघरात चर्चिले गेले. अडचण अशी की शिकवणीला जायला गाडी बहुतेक वेळा आईवडीलच हातात देतात. तेव्हा हा धडा मुलांचा की पालकसभेचा? अनेक मुख्याध्यापक आता पालकसभेचाच आग्रह धरतात.

पालकांचा रोष शाळांनी पूर्वी अनुभवला आहे. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तिकांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. पॉक्सोविषयी वर्गात बोलताना शिक्षक आजही अडखळतात, त्यामागे त्या आठवणीचाही भाग आहे. त्यात पॉक्सोचा एक पेच कायद्याच्याच पोटात आहे. अठरा वर्षांखालील संमतीला कायदा मानत नाही, त्यामुळे सतरा वर्षांच्या दोघांचे प्रेमसंबंधही गुन्ह्याच्या कक्षेत येतात. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात संमतीचे वय १८ च ठेवावे असे म्हटले, पण सोळा ते अठरा वयोगटातल्या काही प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत तारतम्य असावे अशी शिफारसही केली. वर्गात एक बाजू म्हणते : कायदा आहे तसा सांगा, नाहीतर मुलगा अजाणता तुरुंगापर्यंत जाईल. दुसरी म्हणते : नुसता धाक घातला तर अत्याचार सोसणारी मुलगीही बोलायची बंद होईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींविषयी निकाल देताना सर्वंकष लैंगिक शिक्षणाची, त्यात कायदेशीर परिणामांचीही माहिती देण्याची सूचना केली. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक फोटो पुढे पाठवणे किती महागात पडू शकते, हे मुलांना सांगण्याची निकड त्या निकालातून कळते.

वाद असलेला कायदा

सगळेच कायदे सर्वमान्य नसतात. तीन कृषी कायदे सप्टेंबर २०२० मध्ये झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली, नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते मागे घेतले. राज्यात जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक संमत झाले. शहरी भागातल्या नक्षल संघटनांना आळा घालायला ते हवे, असे सरकारचे म्हणणे. त्यातली ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या इतकी सैल आहे की शांततेच्या आंदोलनालाही लागू होईल, असे विरोधकांचे. शिक्षकाने काय करावे? काही म्हणतात, असे विषय टाळावेत, मुले लहान आहेत आणि शिक्षक आचारनियमांनी बांधलेला आहे. काही म्हणतात, दोन्ही बाजूंची वृत्तपत्रीय कात्रणे मुलांपुढे ठेवा आणि कायद्याचा मूळ मजकूर वाचायला द्या, स्वतःचे मत सांगू नका. इंग्लंडमध्ये १९९८ च्या क्रिक समितीच्या अहवालानंतर २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा सक्तीचा विषय झाला, तिथेही वादग्रस्त प्रश्न कसे हाताळावेत यावर बराच खल झाला. आपल्याकडे अशा तासासाठी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणारे मार्गदर्शन नाही, आणि म्हणून तो तास होत नाही.

न सुटलेले

गुण द्यायचे का, हा प्रश्न अजून तसाच आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करायला सांगितला. तो आला, पण बऱ्याच ठिकाणी वही पूर्ण करून सही घेण्याइतकाच उरला. कायद्याचेही तसेच होईल, अशी धास्ती अनुभवी शिक्षक बोलून दाखवतात. गुण नसतील तर तास गणिताला जातो, गुण असतील तर गाइडमधून उत्तरे पाठ होतात. शिबिरांची मोजणी होते, किती शाळा, किती विद्यार्थी. त्यानंतर किती मुलांनी तो कायदा कुठे वापरला हे मोजायची पद्धत बसलेली नाही.

आणि पुस्तक जुने होण्याचा प्रश्न. राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाला, तो टप्प्याटप्प्याने वर चढतो आहे. कायदे मात्र त्याची वाट पाहत थांबत नाहीत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अठरा वर्षांखालील मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, या तरतुदी ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायच्या आहेत. नियम निघाले तेव्हा आठवीत असलेली मुले तोवर दहावीच्या उंबरठ्यावर असतील. त्यांच्या फोनवर संमतीची चौकट उमटेल आणि ती आईवडिलांना विचारतील. आईवडील बहुधा त्यांनाच विचारतील, हे काय आहे?